वरणात घातलेले तूप

आमच्या घरात पाहुण्याचा मान त्याच्या भातावर किती तूप पडले यावरून कळत असे. जावई जेवायला बसला, तर आई पळी कलती धरून तो "पुरे" म्हणेपर्यंत थांबायची. एरवी कुणी आगंतुक आला, तर पळीचे टोक भाताला टेकल्यासारखे करून परत डब्यात जायचे. घर देवास गेटजवळ, एका किराणा दुकानाच्या वर, भाड्याच्या तीन खोल्यांचे. सकाळी जाग यायची ती बसवाल्यांच्या हाळीने, "देवास, देवास, इंदौऽर", आणि खालच्या दुकानात गव्हाची पोती आपटल्याच्या आवाजाने. दादा, म्हणजे आमचे वडील, कचेरीत हेडक्लार्क होते. आमचे कुणी पूर्वज दरबारात कागद लिहीत असत, एवढ्या आधारावर "आपल्या घराण्याचा लेखणीशी संबंध आहे" असे दादा आल्यागेल्याला ऐकवत. आम्ही घरात शुद्ध मराठी बोलतो अशी आमची समजूत होती. पुण्याहून कुणी आले की दोन वाक्यांतच हसू लागे, आणि आई फणकाऱ्याने म्हणे, "हमारे यहाँ ऐसेच बोलतात."

सणाचे जेवणही असेच दुहेरी असे. देवापुढे वरण-भात, त्यावर तूप, लिंबाची फोड. आणि आमच्यासाठी दाल-बाफले. जाडसर दळलेल्या कणकेचे गोळे आधी हळदीच्या पाण्यात उकडायचे, मग गच्चीवर गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून तुपाच्या पातेल्यात बुडवायचे. बाफला तुपातून निघाला की दादा तो हातावर दाबून बघत. बोटांमधून तूप ओघळले नाही, तर म्हणत, "प्यासा आहे अजून. परत सोडा."

ही गोष्ट घडली त्या भाऊबीजेला मी एकोणीस वर्षांचा होतो आणि कायद्याच्या पहिल्या वर्गात होतो. त्याआधीच मला पत्रे लिहिण्याचे व्यसन लागले होते. तुंबलेल्या नालीबद्दल नगरपालिकेला, उशिरा आलेल्या मनिऑर्डरीबद्दल पोस्टमास्तरांना, निकृष्ट छपाईबद्दल वर्तमानपत्राच्या संपादकांना. प्रत्येक पत्राला अनुक्रमांक, प्रत्येक मुद्द्याला उपमुद्दा. ते व्यसन सुटलेले नाही. कॉलनीतल्या बंद पडलेल्या दिव्यावरचा माझा चार पानी अर्ज अजून कुठल्यातरी टेबलावर पडून आहे, आणि त्याचा जाब मी घेणार आहे. पण ज्या एका माणसाला मी पत्र लिहायला हवे होते, तिला आजवर एक ओळ लिहिलेली नाही. "वय लहान होते" ही सबब मी दुसऱ्या कुणाकडून ऐकून घेतली नसती, म्हणून स्वतःकडूनही घेत नाही.

ते माणूस म्हणजे माझी बहीण कुमुदताई. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, मुलींच्या शाळेत शिक्षिका. उंच, हळू बोलणारी, आणि एकदा ठरवले की न हलणारी. त्या भाऊबीजेच्या दोन वर्षे आधी, एका रविवारी ती मैत्रिणीबरोबर पलंगपोस छापून घ्यायला भैरवगढला गेली होती. वाटेतच आमच्या दूधवाल्याचा, रामचंदरचा, गोठा लागे. परत आली ती थेट मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिली. आईने चहा पुढे केला, तो तिने बाजूला सारला.

"काय झालं ग?" मी विचारले.

"रामचंदरच्या गाईचं वासरू मेलंय."

"मग?"

"त्यानं त्याच्या कातड्यात पेंढा भरलाय. पाय नाहीत, डोळे नाहीत, नुसतं काठीवर उभं केलंय. ती त्याला चाटत होती, मधू. आणि तो खाली बसून धार काढत होता."

दुसऱ्या दिवशी आईने रामचंदरला विचारले. तो बिचारा गोंधळला. "अरे बाई साब, नी तो दूध उतरे कोनी. सब करे हैं." वासरू जवळ दिसल्याशिवाय गाय पान्हा सोडत नाही, हे त्याचे म्हणणे खरेच होते. पण त्या दिवसापासून ताईने दूध, दही, ताक, लोणी, तूप सगळे सोडले. व्रत नाही, उद्यापन नाही, कुणाला उपदेश नाही. आज माझी नात इरा याला 'व्हीगन' म्हणते आणि त्याचे तिला मित्रमैत्रिणींत कौतुकही आहे. तेव्हा त्याला नाव नव्हते, आणि नाव नसलेली गोष्ट घरात फक्त हट्ट म्हणून ओळखली जाते.

दोन वर्षे ती सगळ्यांचे झाल्यावर स्वयंपाकघरात एकटी जेवली. तिची लहान कढई वेगळी, तिचा तेलाचा बुधला वेगळा. आई रोज एकदा तरी म्हणायची, "सासरी काय सांगशील? माझी कढई आणलीय म्हणून?" मी तर तिची उलटतपासणीच घेत असे. चामड्याच्या चपला कशा चालतात? रेशमाचं काय? मध? ती पोळ्या लाटता लाटता ऐकून घेई आणि म्हणे, "चपला पण सोडीन रे. एक एक करून सोडू दे." या उत्तराने मी फार चिडत असे. जो वादच घालत नाही, त्याला हरवायचे कसे, हे मला कुणी शिकवले नव्हते.

मग ग्वाल्हेरचे स्थळ आले. मुलगा इंजिनिअर, घर चांगले, पत्रिका जुळलेली. उत्तर लिहायचे काम घरातला लेखनिक म्हणून माझ्याकडे. पण त्यात दूध-तुपाचा उल्लेख करायचा की नाही, यावर दादा अडले. लपवणे त्यांच्या स्वभावात नव्हते आणि उघड लिहिण्याचे धैर्य होत नव्हते. शेवटी त्यांनी ताईला बोलावले.

"हे बघ कुमुद. भाऊबीजेला तुझे मामा येणार. त्या दिवशी सगळा स्वयंपाक तू कर, तुझ्या पद्धतीनं. बाफल्यांसकट. सणाचं जेवण सणासारखं झालं, तर मी स्वतः ग्वाल्हेरला लिहीन, की आमची मुलगी अशी आहे, पसंत असेल तर बघा. आणि पुन्हा या घरात कुणी तुला टोकणार नाही."

"आणि नाही झालं तर?"

"तर लग्नाआधी हे सोडायचं."

ती "बरं" म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मधू, या वर्षी मला ओवाळणी नको. एक कर. त्या दिवशी सगळ्यांचे हात धुऊन होईपर्यंत माझ्या स्वयंपाकाविरुद्ध एक शब्द बोलू नकोस."

"नाही बोलणार," मी म्हणालो. "दिलं वचन."

तिने आठ दिवस तयारी केली. नवरात्रातल्या प्रसादाचे नारळ तिने जपून ठेवले होते. ते फोडून दूध काढले. बाफल्यांच्या कणकेत शेंगदाण्याच्या तेलाचे मोहन घातले. तुपाच्या जागी काय, हा खरा प्रश्न होता. तिने तीळ मंद भाजले, पाट्यावर बसून तासभर वाटले, मीठ घालून कोमट पाण्यात सैल केले. जिन्यापर्यंत तो खमंग वास आला आणि खालच्या दुकानातल्या शेटजींनी वर बघून विचारले, "मास्टरनी बाई, आज काई बनी रियो है?" चूरम्याचे लाडू गुळाच्या पाकात आणि तिळाच्या तेलात वळले. कोशिंबिरीला दह्याऐवजी लिंबू आणि दाण्याचे कूट. आई दारात उभी राहून बघत होती. मदत करायची नाही असे ठरवून ती उभी राहिली होती, आणि बाफले उलटायची वेळ आली तेव्हा न राहवून चिमटा तिने स्वतःच हातात घेतला. "जळतील ग. सरक."

देवाच्या नैवेद्यावरही तूप नव्हते. याच गोष्टीवर माझे डोके फिरले, किंवा फिरवून घ्यायला मला कारण मिळाले. भातावर तुपाचा थेंब पडल्याशिवाय अन्नशुद्धी होत नाही, आणि अन्नशुद्धीशिवाय पान वाढले असे म्हणता येत नाही, हा मुद्दा मी आदल्या दिवशी दादांपुढे मांडला. "एक दिवस देव समजून घेईल," असे म्हणून त्यांनी तो निकालात काढला. माझा मुद्दा कुणी असा उडवून लावला, की मला अंगाला आग लागल्यासारखे होई, अजूनही होते. मी वचनाचा मजकूर मनात पुन्हा तपासला. विरुद्ध बोलणार नाही, असे मी कबूल केले होते. काही घालणार नाही, असे कबूल केलेले नव्हते. शिवाय मुदत हात धुवेपर्यंतचीच होती.

ताई गच्चीवर निखारे सारखे करत होती आणि आई मामांना घ्यायला जिन्यात गेली होती, तेव्हा मी फडताळातला तुपाचा डबा काढला. चुलीशेजारी वरणाचे पातेले होते, झाकलेले. मी एक पळी भरून तूप त्यात घातले आणि ढवळले. तवंग दिसू नये म्हणून दोनदा ढवळले. हे दोनदा ढवळणे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पहिल्या वेळेला माणूस रागात असू शकतो.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, इथल्याच कोर्टात वकील. मी त्यांच्यासारखे चालायचा, त्यांच्यासारखा चष्मा कपाळावर सरकवायचा प्रयत्न करत असे, माझ्याजवळ चष्मा नसतानाही. ते आले, पाटावर बसले, ताट बघून म्हणाले, "अरे वा, कुमुद, बाफले? तुपाबगैर? हे म्हणजे वकिलाबगैर कोर्ट झालं."

"खाऊन तर बघा मामा. फैसला मग द्या."

त्या दिवशी दोन वर्षांनी ती पंगतीत बसली. दादांनी स्वतः तिचा पाट आपल्या डाव्या हाताला मांडला. पहिले वाढप आईने केले. दादांनी बाफला कुस्करला, त्यावर तिळाची ती दाट पेज ओतली, डाळ घातली आणि पहिला घास खाल्ला. खाली इंदूरची गाडी सुटत होती. दादांनी दुसरा घास घेतला, मग तिसरा, मग मान न उचलता रिकामा कोपरा बोटाने दाखवून म्हणाले, "इथं अजून एक." मामांनी चार बाफले खाल्ले. चौथ्याला आई म्हणाली, "पोटाचं बघ जरा," तर म्हणाले, "पोट माझं थोडंच, भाऊबीजेचं आहे." ताई हसत होती. माझी ती बहीण इतकी हसू शकते हे मी विसरलो होतो. आणि मीही तीन बाफले खाल्ले. ते उत्तम होते. हे मी त्या दिवशी कुणाला सांगितले नाही.

मोरीवर सगळ्यांचे हात धुऊन झाले. दादा पुसत पुसत म्हणाले, "मधू, कागद काढ. ग्वाल्हेरला लिहायचंय. कुमुद, जिंकलीस बेटा."

मी उभा राहिलो. मी खरोखर उभा राहिलो, कोर्टात राहतात तसा, आणि म्हणालो, "निकालाआधी एक पुरावा समोर यायला हवा. या जेवणात तूप होतं. वरणात मी स्वतः एक पळी घातलंय. त्यामुळे जेवण तुपाशिवाय सणासारखं झालं, हे सिद्ध होत नाही."

मला वाटले होते गदारोळ होईल. आईने फक्त पदर तोंडाला लावला. दादा सावकाश म्हणाले, "वरण?"

"हो."

"वरण कोणी खाल्लं?"

त्या क्षणापर्यंत ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. बाफल्यांच्या दिवशी आमच्याकडे भाताला कुणी हात लावत नाही. दोन बाफल्यांनंतर माणूस पाणीसुद्धा बेताने पितो. बाफल्यांबरोबरची डाळ वेगळी; वरण-भात शिजतो तो नैवेद्यापुरता. मी जन्मभर त्या घरात जेवलो होतो आणि मुद्दा लढवताना ते विसरलो. दादांनी वरण घेतले नव्हते. मामांनी नाही, आईने नाही, मी नाही. एकट्या ताईला बाफले जड पडत; ती सणालाही एक बाफला खाऊन वरण-भात घ्यायची, लिंबू पिळून. त्या दिवशी आनंदाने तिने दोनदा घेतला होता.

ती भिंतीला हात लावून उभी होती. ओरडली नाही. मला म्हणाली, "मला वाटलं, आज डाळ छान शिजलीय."

मग ती मोरीत गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. आई मागून आत गेली आणि तिनेच दार लोटून घेतले.

मामा सुपारी कातरायचे थांबले होते. ज्यांच्या तोंडून "शाबास" ऐकावे म्हणून मी हे सगळे केले, ते मामा मला म्हणाले, "मधू, वकील पुरावा शोधतो. तू पैदा केलास. त्याला वेगळं कलम आहे, पुढच्या वर्षी शिकवतील." आणि त्यांनी माझ्याकडे पाठ करून दादांशी दुसरेच काही बोलायला सुरुवात केली.

दादांनी निकाल बदलला नाही. पत्र त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले. कागद माझ्याकडून घेतला, लेखणी घेतली, मला लिहू दिले नाही. ग्वाल्हेरहून उत्तर आले नाही. पुढे इंदूरचे एक बँकवाले आले, सगळे ऐकून म्हणाले, "चहात दूध नको, इतकंच ना?" आणि ताई त्यांच्या घरी सुखाने नांदली. तेव्हा नुकसान काय झाले, असे कुणी विचारील. मी त्याच संध्याकाळचे सांगतो.

भाऊबीजेला ताई आधी चंद्राला ओवाळायची आणि मग मला. मला वाटले, आज ती येणार नाही. ती आली. गच्चीवर चंद्राची कोर दिसली, तिने ताट फिरवले, मग मला पाटावर बसवले. निरांजनात तेल होते. डोळे सुजलेले होते. तिने कुंकू लावले, अक्षता टाकल्या, तीनदा ओवाळले. बहीण करते ते सगळे केले. मी ताटात ठेवायला काहीतरी शोधत खिशात हात घातला, तेव्हा हलक्या आवाजात म्हणाली, "राहू दे. ओवाळायला मी येत जाईन. पण तुझा हात पोचतो तिथलं अन्न मला आता खाववणार नाही. राग नाही रे. घास उतरणार नाही, इतकंच."

ती खरोखर येत राहिली. नोकरी लागल्यावर मी याच शहरात नानाखेड्याला घर बांधले, तिथे ती दर भाऊबीजेला इंदूरहून यायची आणि दारातच म्हणायची, "मी जेवून आलेय." माझी पत्नी दरवर्षी काहीतरी बिनदुधाचे करायची. ताई तिच्या पाठीवरून हात फिरवायची आणि एक केळे सोलून खायची. पत्नी जाईपर्यंत तिला कारण कळले नाही. ती स्वतःच्या हाताला दोष देत राहिली. हाही अपराध माझ्याच नावावर आहे. मी ग्राहक मंचापर्यंत गेलेला माणूस, भेसळीच्या तक्रारी करणारा माणूस, आणि स्वतःच्या घरात मला "भेसळ मी केली होती" हे चार शब्द उच्चारता आले नाहीत.

या वर्षी इरा दिवाळीला आली होती. तिने परस्पर फोन करून ताईला सांगितले, "आत्याआजी, मीपण तुमच्यासारखीच आहे. या वेळी जेवून यायचं नाही. सगळं मी करणार." पलीकडून काय उत्तर आले ते मला कळले नाही. भाऊबीजेच्या सकाळी सहाला मी खुर्ची बाहेरच्या व्हरांड्यात घेतली आणि तिथे बसलो. पाणी पिण्यासाठीसुद्धा आत गेलो नाही. शेजाऱ्यांकडून मागून घेतले. इरा दोनदा येऊन चिडली.

"आजोबा, नारळ तरी फोडून द्या."

"नाही."

"अहो, भाजी तरी निवडा. बसल्या बसल्या."

"मी आत येणार नाही. तू कर."

"कमाल आहे यार," असे म्हणून ती गेली.

बाराच्या सुमाराला ताई रिक्षातून उतरली. काठी, पांढरी साडी, तोच उंच बांधा, आता वाकलेला. मी उठून हात दिला. ती माझ्याकडे आणि खुर्चीखालच्या पाण्याच्या लोट्याकडे जरा वेळ बघत राहिली. जेवून आलेय, असे म्हणाली नाही. आत जाऊन टेबलाशी बसली. इराने तिच्यापुढे ताट वाढले. नारळाच्या दुधातली भाजी, तिळाची चटणी, पुऱ्या, आणि मधोमध भाताची मूद, त्यावर वरण. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो.

ताई ताटाकडे बघत होती. मग तिने इराला विचारले, "हा कुठं होता सकाळपासून?"

"आजोबा? काही विचारू नका," इरा म्हणाली. "सहा वाजल्यापासून व्हरांड्यात बसलेत. एका कामाला हात लावला नाही. घरात पाऊल नाही टाकलं."

"बरं," ताई म्हणाली, आणि तिने वरण-भात कालवला.